यादी नको, एक पुस्तक सांगा

प्रोग्रॅमिंग शिकायला निघालेल्या पोराला पंचवीस पुस्तकांची यादी पाठवणं, याला आपण मदत म्हणतो. माझ्या मते ती अंग काढून घेण्याची सभ्य तऱ्हा आहे. आज या विषयावर जरा स्पष्टच लिहिणार आहे. तेव्हा ज्यांच्या फोनमध्ये अशी यादी कॉपी-पेस्टसाठी तयार पडलेली आहे, त्यांनी चहा घेऊनच बसा.

मी मूळचा देवळ्याचा. नाशिक जिल्ह्यातला देवळा, कांदा आणि डाळिंबवाला. नोकरी पुण्यात. दिवाळीला, लग्नसराईत गावी गेलं की एखादं पोरगं नाहीतर पोरगी गाठतेच. "भाऊ, कोनतं पुस्तक लेऊ?" कुणाला वेब डेव्हलपर व्हायचंय, कुणाला पायथन शिकायचंय, कुणाला नक्की काय शिकायचंय हेच ठाऊक नाही पण 'सॉफ्टवेअरमध्ये' जायचंय. यातल्या बऱ्याच जणांकडे आधीच कुणीतरी पाठवलेली यादी असते. पुण्यातला मावसभाऊ, हिंजवडीतला सीनियर, बंगळूरला गेलेला गाववाला. ती यादी बघितली की माझं डोकं फिरतं.

काय असतं त्या यादीत? ठरलेलंच. सगळ्यात वर कर्निघन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. मग कॉर्मेन आणि मंडळींचं अल्गोरिदमचं ठोकळा पुस्तक. मग एबलसन-ससमन. मग 'डिझाइन पॅटर्न्स'. शेवटी चवीला चार-पाच फ्रेमवर्कची पुस्तकं. सोबत पीडीएफची एक ड्राइव्ह लिंक, तीस-चाळीस जीबीची. "सगळं आहे यात, वाच."

मंडळी, एक विचारू? यातली किती तुम्ही स्वतः वाचलीत? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, स्वाध्याय सोडवून? चाळलेली, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री दोन प्रकरणं उघडलेली, ऑफिसात मॉनिटरखाली उंची वाढवायला ठेवलेली, ही धरू नका. बोटं मोजायला एक हात पुरेल, आणि त्यातलीही दोन उरतील.

आता त्या पुस्तकांकडेच बघू. कर्निघन-रिची १९७८ सालचं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. तीनशे पानांच्या आत अख्खी भाषा बसवलेली. त्याची थोरवी मी सांगायची गरज नाही. पण त्याच्या प्रस्तावनेतच लेखकांनी बजावून ठेवलंय की हे पुस्तक प्रोग्रॅमिंगची ओळख करून द्यायला लिहिलेलं नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन वगैरे वाचकाला थोडंफार माहीत आहे असं ते धरून चालतात. म्हणजे लेखक स्वतः सांगतोय की नवशिक्यासाठी हे लिहिलेलं नाही, आणि आपण ते नवशिक्याच्या यादीत एक नंबरला टाकतो! प्रस्तावना तरी वाचली होती का आपण?

कॉर्मेनचं पुस्तक १९९० साली आलं, चौथी आवृत्ती २०२२ ची, पानं तेराशेच्या वर. सगळे अल्गोरिदम सूडोकोडमध्ये, मध्ये गणिती सिद्धता. एबलसन-ससमन १९८५ चं. एमआयटीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी लिहिलेलं आणि पहिल्याच प्रकरणात वर्गमूळ काढण्याची न्यूटनची रीत, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल. पुढे एमआयटीनेच तो कोर्स बदलून पायथन घेतलं. 'डिझाइन पॅटर्न्स' १९९४ चं, उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमध्ये. ज्याने अजून शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिलेला नाही, त्याला मोठ्या प्रोग्रॅमची रचना कशी सुधारावी हे सांगायचं. पोहायला न येणाऱ्याला खाडी ओलांडण्याचे नकाशे देण्यासारखं आहे हे.

ही पुस्तकं वाईट आहेत असं कोण म्हणतंय? उत्तम आहेत. पण चुकीच्या वेळी हातात पडलेलं उत्तम पुस्तक वाईट पुस्तकापेक्षा जास्त नुकसान करतं. वाईट पुस्तक असेल तर पोरगं म्हणतं, "पुस्तक बेकार आहे." थोर पुस्तक कळलं नाही की म्हणतं, "मीच बेकार आहे." मग ते पोरगं गप्प बसतं. कुणाला सांगत नाही. सहा महिन्यांनी कळतं की "त्याने ते कॉम्प्युटरचं सोडलं."

माझ्या रागाचं खरं कारण हे आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या पोराचं एक पुस्तक वाया गेलं तर आप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरं आणता येतं, शेजारी विचारायला कुणीतरी इंजिनीअर असतो. देवळ्याच्या पोराकडे बहुतेक वेळा एकच संधी असते. बापाने कांद्याच्या पट्टीतून काढून दिलेले पैसे, एक सेकंडहँड लॅपटॉप (तोही असला तर), आणि एखादं वर्ष. ते वर्ष आपल्या यादीने खाल्लं, तर कुठल्याही क्लासची फी परत मिळाली तरी ते वर्ष परत येत नाही.

*

बरं, यादी नको तर कॉलेजचं पुस्तक चालेल का? तिकडे वेगळीच तऱ्हा.

सीचं शिक्षण आपल्याकडे टर्बो सीच्या निळ्या खिडकीत झालं. बोरलँडचं ते सॉफ्टवेअर १९९० च्या आसपासचं, डॉसवर चालणारं, १६ बिटचं. ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाचं जुन्या मशीनचं सोंग आणून त्यात चालवायचं. ज्या पुस्तकात 'व्हॉइड मेन', 'कोनिओ डॉट एच' आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी 'गेटच' आहे ते त्या निळ्या खिडकीसाठी लिहिलेलं आहे हे ओळखा. सी++ च्या पुस्तकात 'आयओस्ट्रीम डॉट एच' दिसलं, तर ते १९९८ साली भाषेचं पहिलं स्टँडर्ड येण्याच्या आधीचं वळण आहे. आजच्या जीसीसीला ती ओळ दिली की ती फाइलच सापडत नाही म्हणून एरर येते. त्या पुस्तकात 'इंटिजर दोन बाइटचा' असं लिहिलेलं असतं, पोराच्या मशीनवर उत्तर चार येतं. आता पोराने कुणावर विश्वास ठेवायचा? छापील पुस्तकावर की समोरच्या स्क्रीनवर? आपल्याकडे छापील अक्षराला फार मान. मार्कही पुस्तकातल्या उत्तराला मिळतात. पोरगं स्क्रीनवर अविश्वास दाखवायला शिकतं. प्रोग्रॅमरच्या धंद्यात याहून वाईट सवय नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर लोक म्हणतील हा आपल्याच माणसांवर घसरला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' या देशातल्या कित्येक पिढ्यांनी वाचलं. ते का चाललं, याचा विचार यादीवाल्यांनी जरूर करावा. इंग्रजी सोपं. वाक्यं छोटी. लेखक वाचकाशी गप्पा मारल्यासारखा बोलतो. उदाहरण आधी, व्याख्या नंतर. मराठी माध्यमातून आलेल्या पोरालाही वाटतं की हे आपल्याला जमेल. टर्बो सी तेव्हा प्रत्येक लॅबमध्ये होतं, म्हणून पुस्तकात होतं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये पुस्तक नव्या कंपायलरकडे गेलं. दोष कुणाचा, तर जुनीच आवृत्ती चार हातांतून फिरवत ठेवणाऱ्यांचा आणि लॅब न बदलणाऱ्यांचा. तसंच अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांचं 'वेब टेक्नॉलॉजीज'. फ्रेमवर्कच्या मागे न धावता टीसीपी/आयपीपासून सुरुवात करून वेबपर्यंत येण्याची त्याची वाट अगदी योग्य होती. त्यातलं जे तंत्र त्या काळाचं होतं ते जुनं झालं, पण नेटवर्कवर पाकीट इथून तिथे कसं जातं हे काही बदललेलं नाही.

म्हणजे प्रश्न 'जुनं की नवं' इतका सरळ नाही. काय टिकतं आणि काय टिकत नाही, असा आहे. आणि हे समजवायला देवळ्याच्या माणसाला माझी गरज नाही. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यातला फरक तिथलं शेंबडं पोरगंही सांगेल. लाल कांदा काढला की विकायचा, तो ठेवला तर सडतो. उन्हाळ कांदा चाळीत घातला की चार-पाच महिने टिकतो, भाव बघून काढता येतो. दोन्ही कांदेच, दोन्ही लागतात. पण लाल कांद्याने चाळ भरणाऱ्याला आपण काय म्हणू?

फ्रेमवर्कचं पुस्तक म्हणजे लाल कांदा. अँग्युलरजेएस २०१० साली आलं. २०१६ मध्ये त्याची पुढची पिढी आली ती जवळजवळ वेगळीच वस्तू, आणि जुन्याचा सपोर्ट २०२२ उजाडताना संपला. रिअ‍ॅक्ट २०१३ चं. २०१९ मध्ये त्यात हुक्स आले आणि त्याआधीच्या पुस्तकांतली कोड लिहायची पद्धतच मागे पडली. फ्लॅश तर २०२० च्या अखेरीस पुरतंच बंद झालं. त्यावरची जाडजूड पुस्तकं आता पाव किलोच्या पुड्या बांधायलाही जड पडतील. फ्रेमवर्क शिकायचं असेल तर त्याचं अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचा. ते फुकट असतं आणि आवृत्तीबरोबर बदलत राहतं. त्यासाठी पुस्तकाला पैसे घालू नका.

उन्हाळ कांदा कोणता? एचटीटीपी: ब्राउझर मागतो काय, सर्व्हर देतो काय. एसक्यूएल: कॉडने १९७० साली मांडलेल्या कल्पनेवर ते आजही उभं आहे. डेटा स्ट्रक्चर्स. फंक्शन म्हणजे काय, स्कोप म्हणजे काय. कमांड लाइन. एरर मेसेज शांतपणे वाचायची कला. यांवरचं पुस्तक दहा वर्षं जुनं असलं तरी बिघडत नाही. पैसे घालायचेत तर इथे घाला.

*

आता कामाचं बोलू. पुस्तक निवडायचं कसं?

पहिली गोष्ट, तारीख बघा. आपल्याकडे शेतकरी बियाण्याची पिशवी उलटी करून लॉट नंबर आणि मुदत बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. आणि त्याचंच पोरगं पुस्तक घेताना फक्त मुखपृष्ठ बघतं! पहिलं पान उलटा, आवृत्तीचं साल बघा (पुनर्मुद्रणाचं नव्हे, आवृत्तीचं. गल्लत तिथेच होते). जावास्क्रिप्टचं पुस्तक २०१५ च्या आधीचं असेल तर परत ठेवा. त्या वर्षी भाषेत 'लेट', 'कॉन्स्ट', अ‍ॅरो फंक्शन, प्रॉमिस, क्लास असं सगळं आलं. पायथनचं असेल तर ते पायथन ३ चं हवं, पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. सी++ असेल तर २०११ नंतरचं. जावा असेल तर २०१४ नंतरचं, कारण त्या वर्षीच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले. सीएसएसचं पुस्तक असेल आणि त्यात ग्रिड नसेल, तर ते २०१७ च्या आधीचं समजा.

पीएचपीच्या बाबतीत तर हा प्रश्न सुरक्षेचा आहे. 'मायएसक्यूएल_क्वेरी' हे फंक्शन पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ साली, काढूनच टाकलं. जुन्या पुस्तकांत युजरने भरलेलं नाव सरळ एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवायला शिकवलेलं असतं. यालाच एसक्यूएल इंजेक्शनचं दार उघडं ठेवणं म्हणतात. त्या पुस्तकातून शिकलेलं पोरगं उद्या गावातल्या पतसंस्थेसाठी, शाळेसाठी सॉफ्टवेअर लिहिणार. त्यात आपल्याच काका-मावशींची खाती असणार. पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं साल न बघण्याची किंमत कुठपर्यंत जाते बघा.

दुसरी गोष्ट, मधलं पान उघडा. पहिलं प्रकरण सगळ्यांचं गोड असतं. थेट चौथ्या-पाचव्या प्रकरणातलं एक पान शांतपणे वाचा. अर्थ निम्म्याहून जास्त लागला तर घ्या. इंग्रजीच अडत असेल तर ते पुस्तक कितीही नावाजलेलं असो, आत्ता तुमचं नाही. त्यात लाज कसली? सोपं इंग्रजी लिहिणं अवघड असतं, ते ज्या लेखकाला जमलंय त्याला पैसे द्या.

तिसरी गोष्ट, स्वाध्याय बघा. प्रकरणाच्या शेवटी 'थोडक्यात उत्तरे द्या' असेल तर ते परीक्षेचं पुस्तक. 'हे करून बघा' असेल तर ते प्रोग्रॅमिंगचं पुस्तक.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, एकच घ्या. आणि संपवा. पायथन शिकायचं असेल तर ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन' आहे, नाहीतर अल स्वायगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ'. दोन्ही लेखकांनी स्वतःच इंटरनेटवर फुकट ठेवलीत, चोरीच्या पीडीएफची गरज नाही. इंग्रजी कच्चं असेल तर स्वायगार्ट घ्या: त्याच्या प्रोग्रॅममध्ये फाइलींची नावं बदलणं, एक्सेल शीट वाचणं अशी रोजची कामं आहेत. बाजार समितीतला भावांचा तक्ता वाचणारा प्रोग्रॅम महिनाभरात लिहिता येतो. वेबसाठी मारेन हावरबेके यांचं 'इलोक्वंट जावास्क्रिप्ट', तेही फुकट, चौथी आवृत्ती २०२४ ची. त्यातला कोड त्याच पानावर चालवून बघता येतो, म्हणजे लॅपटॉप नसला तरी फोनवर सुरुवात होते. पण ते मधे चांगलंच चढ लागतं हे आधीच सांगून ठेवतो. घाट आला की गाडी एक गिअर खाली घ्यायची, परत फिरायचं नाही. एचटीएमएल आणि सीएसएससाठी तर पुस्तकच नको, एमडीएनची पानं पुरे.

*

आता येणारा प्रश्न मला ऐकू येतोय. "साहेब, कुठल्या जमान्यात आहात? पुस्तक कशाला? चॅटजीपीटी आहे की."

आहे ना. मीही रोज वापरतो. पण ते विचारलेल्याचं उत्तर देतं, आणि नवशिक्याची खरी अडचण उत्तरं नसणं ही नसतेच. काय विचारावं हेच त्याला माहीत नसतं. ज्याने 'इंडेक्स' हा शब्दच ऐकलेला नाही तो "माझी क्वेरी हळू का चालते" इथवर येईल, पण मिळालेल्या पाच उत्तरांतलं कोणतं बरोबर हे कसं ठरवणार? चांगलं पुस्तक म्हणजे एका जाणत्या माणसाने लावलेला क्रम. हे आधी, ते नंतर, आणि अमुक गोष्ट सध्या सोडून दे. तो 'सोडून दे' फार मोलाचा असतो. पुस्तक वाचता वाचता अडलात तर त्या यंत्राला जरूर विचारा, "या परिच्छेदाचा अर्थ मराठीत सांग" म्हणून. तिथे ते खरंच उपयोगी आहे. पण स्वाध्यायाचं उत्तर त्याच्याकडून घेतलंत, तर जिमला जाऊन दुसऱ्याला वजन उचलायला सांगितल्यासारखं होईल.

दुसरा आक्षेप असा असतो: "आम्हाला कुणी सांगितलं होतं? आम्ही धडपडत शिकलोच ना?" हे तर मला सगळ्यात खटकतं. तुम्ही शिकलात, तुमच्याबरोबर सुरू केलेले किती मागे पडले ते तुम्हाला दिसले नाहीत, कारण ते तुमच्या ऑफिसात येऊ शकले नाहीत. पोहून काठाला आलेल्यांनी 'नदीला उतार आहे' असं सांगू नये.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडून एकच अपेक्षा. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर यादी पाठवू नका. आधी त्याला तीन प्रश्न विचारा: मशीन कोणतं आहे, इंग्रजी कितपत झेपतं, आणि बनवायचं काय आहे. मग तुम्ही स्वतः संपवलेलं एक पुस्तक सांगा. एकच. स्वतः संपवलेलं एकही नसेल तर तसं सांगा, किंवा आधी एक संपवा. आणि दर रविवारी अर्धा तास फोन करा, कितव्या पानावर आलास म्हणून. पाचव्या प्रकरणाच्या आसपास पोरगं अडतं, हमखास. तिथे तुम्ही फोनवर असाल तर ते पुढे जातं. नसाल तर यादीतलं दुसरं पुस्तक उघडतं, मग तिसरं.

पंचवीस नावं पाठवायला दहा सेकंद लागतात. एक नाव सांगून चार महिने मागे उभं राहायला चार महिने लागतात. लोक पहिलं का करतात ते मला नीट कळतं. पण मग त्याला मदत म्हणू नका.

असो. आज जरा जास्तच तापलो. पटलं नसेल तर जरूर भांडा, फक्त भांडताना तुम्ही शेवटचं कोणतं पुस्तक संपवलंत ते आधी सांगा.